साम्राज्य : पडद्यावरचे आणि पायाखालचे

'साम्राज्य' हा शब्द मी गेली तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मौर्यांचे साम्राज्य, गुप्तांचे साम्राज्य, मोगलांचे साम्राज्य. मुले तो वहीत उतरवून घेतात, त्याखाली 'उदयाची कारणे' आणि 'ऱ्हासाची कारणे' अशी दोन शीर्षके घालतात, प्रत्येकाखाली पाच-पाच मुद्दे मांडतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. त्यांचा त्यात काय दोष? लोधीखेड्याच्या मुलाला साम्राज्य दिसणार तरी कुठे? त्याला दिसते ती जाम नदी, संत्र्याचे बगीचे, कापसाने भरलेल्या गाड्या, सौंसरला जाणारी बस आणि नागपूरकडे जाणारा रस्ता. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी. साम्राज्य नावाची वस्तू त्याच्या दृष्टीने दिल्लीला किंवा पाटण्याला, फार फार तर रायगडावर असते. आपल्या शिवारात नसते.

या शब्दाला माझ्या विद्यार्थ्यांच्या मनात जागा करून दिली ती संगणकावरच्या एका खेळाने. इतिहासाच्या एम.ए. झालेल्या मास्तराने हे लिहावे याची मलाही गंमत वाटते. पण घडले ते असे आहे.

खेळाचे नाव 'एज ऑफ एम्पायर्स'. अमेरिकेतल्या डॅलस शहरी एन्सेम्बल स्टुडिओज नावाच्या कंपनीने तो तयार केला आणि १९९७ साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. मी तो प्रथम पाहिला २००१ च्या उन्हाळ्यात, नागपूरला बहिणीच्या घरी. कूलरसमोर बसून भाचा तासन् तास काहीतरी टिकटिक करीत होता. मी डोकावलो तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्ही इतिहासवाले ना? मग बसा इथं. मी आत्ताच कांस्ययुगात शिरलोय." कांस्ययुग हा शब्द सुट्टीत कोणी आपण होऊन उच्चारावा, हे माझ्या नोकरीच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. मी बसलो. पुढे काही वर्षांनी हाच खेळ मुलांच्या हातून आमच्या शाळेच्या संगणकांवरही येऊन पोचला, आणि मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीसमोर चपलांचा ढीग दिसू लागला.

ज्या वाचकांच्या घरी तरुण मुले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर जवळजवळ सगळा अंधार असतो. मधोमध एक नगरकेंद्र आणि त्याभोवती तीन गावकरी, एवढेच आपले भांडवल. त्यांना बोरी-करवंदासारखी फळे वेचायला लावायची, हरणांची शिकार करायला धाडायचे, झाडे तोडायला सांगायचे. संपत्ती चार प्रकारची : अन्न, लाकूड, दगड आणि सोने. ३० लाकडे दिली की एक घर उभे राहते आणि त्या घराच्या आधाराने चार माणसे वाढतात. ५० अन्न मोजले की नगरकेंद्रातून नवा गावकरी बाहेर पडतो. ५०० अन्न साठले की अश्मयुगातून पुढच्या युगात जाता येते, मग कांस्ययुग, मग लोहयुग. सैन्य उभारायचे, शेजाऱ्याला बुडवायचे, आणि सगळे जमले तर राज्याचे साम्राज्य होते. आमच्याकडे मात्र बहुतेक साम्राज्ये दुपारी अडीचच्या सुमारास वीज गेल्यामुळे लयाला जात. ऱ्हासाच्या कारणांत मुलांनी हे सहावे कारण आपल्या अनुभवातून घातले होते.

खेळात एक पुरोहित आहे. तो हात वर करून 'वोलोलो' असा काहीसा मंत्र म्हणतो आणि शत्रूचा माणूस पाहता पाहता आपल्या रंगाचा होतो. काही दिवस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हा मंत्र इतका घुमला की संस्कृतच्या बाईंनी माझ्याकडे तक्रार केली. ठरावीक शब्द टंकून फुकटचे धान्य मिळवण्याची युक्तीही पोरांना ठाऊक होती. एका अमेरिकन खाद्यपदार्थाचे नाव लिहिले की कोठारात एकदम १००० अन्न जमा! आमच्या कास्तकारांना असा एखादा मंत्र मिळाला असता तर काय बहार झाली असती, असे मनात येऊन गेले.

पण या हसण्याखेळण्यातून दोन प्रश्न निघाले आणि ते मला आजतागायत सोडून गेलेले नाहीत.

पहिला प्रश्न नववीतल्या एका मुलीचा. खेळाच्या सुरुवातीला आपण कोणत्या लोकांचे राज्य चालवणार ते निवडायचे असते. त्या यादीत बारा नावे होती : मिसरी, ग्रीक, बाबिलोनी, असीरियन, सुमेरियन, हित्ती, फिनिशियन, मिनोअन, पर्शियन, चीनचे शांग, कोरियाचे चोसोन आणि जपानचे यामातो. मुलीने यादी वरून खाली, खालून वर वाचली आणि विचारले, "सर, याच्यात आपलं काहून नाही?" पुढे १९९८ साली रोमन आणि आणखी तीन नावे जोडली गेली, तरी त्यातही आपण नव्हतो. याच खेळाच्या दुसऱ्या भागात 'भारतीय' म्हणून एक गट आला तो २०१३ साली, आणि २०२२ मध्ये त्याचे बंगाली, द्राविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे चार भाग झाले. पण त्या मुलीच्या प्रश्नातले 'आपलं' म्हणजे नुसता भारत नव्हता. तिला म्हणायचे होते आपलं, इथलं.

दुसरा प्रश्न त्याच वर्गातल्या एका मुलाचा. त्याचे वडील संत्र्याच्या तोडणीला जात. त्याच वर्षी मजुरांनी भरलेली ट्रॉली उलटून त्यात ते गेले. मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत परत आला. मित्रांनी त्याला रमवायला म्हणून संगणकापुढे बसवले. खेळता खेळता सिंहाने एक गावकरी मारला. शेजारचा पोरगा सहज बोलून गेला, "जाऊ दे ना बे, पन्नासमध्ये दुसरा भेटते." हा काहीच बोलला नाही. शाळा सुटल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्या गावकऱ्याले नाव काहून नाही राहत?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. वर्गात उभे राहून इतिहास शिकवणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण हाच प्रश्न त्याच्या पाठ्यपुस्तकालाही लागू पडतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर दुसऱ्याकडे घेऊन जाते.

'आपलं, इथलं' साम्राज्य होते. लांब नव्हे, आमच्या पायाखालीच होते. पांढुर्ण्याला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडलेला आहे. तो त्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, प्रवरपूर या राजधानीतून दिलेला आहे. काळ पाचव्या शतकाचा पूर्वार्ध, म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा. छिंदवाड्याकडच्या दुधियाचा ताम्रपट याच राजाचा, २३ व्या वर्षाचा. त्याचे वाचन कीलहॉर्न या जर्मन पंडिताने गेल्या शतकाच्याही आधी प्रसिद्ध केले. मुलताई भागातले पट्टण, बालाघाटकडचे तिरोडी, अचलपूरजवळचे चम्मक, अशा कितीतरी गावांत या घराण्याचे तांब्याचे कागद निघाले. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते सगळे एकत्र करून, वाचून, १९६३ साली एका थोर ग्रंथात छापले. नकाशावर ही गावे टिंबांनी दाखवली तर निम्मी टिंबे मध्य प्रदेशात पडतात, निम्मी महाराष्ट्रात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. रेषा येतात आणि सरकतात. प्रवरसेनाच्या दप्तरात मात्र हा सगळा मुलूख एकाच घरचा होता.

आणि आम्हा सीमेवरच्या मराठी माणसांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. 'सेतुबंध' हे प्राकृत महाकाव्य याच दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर आहे. ते ज्या महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेले आहे, ती आपल्या मराठीची पूर्वज. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तिच्या जुनेपणाची चर्चा झाली. ज्या राजाच्या नावावर त्या जुनेपणाचा एक मोठा पुरावा आहे, त्याचा ताम्रपट आमच्या पांढुर्ण्याचा, हे आमच्या किती घरांत ठाऊक असेल?

मी मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी खेळाच्याच भाषेत चौकशी सुरू केली. किती सोने होते? किती हत्ती? किती किल्ले जिंकले? ताम्रपट यांतले जवळजवळ काहीच सांगत नाही. वंशावळीत अश्वमेधांचा आणि पूर्वजांच्या पराक्रमाचा उल्लेख येतो खरा. पण कागदाचे खरे काम वेगळे आहे. तो दानपत्र आहे. राजा अमुक गाव किंवा अमुक जमीन अमुक ब्राह्मणाला देतो आहे, आणि देताना काय काय सोडतो आहे याची यादी त्यात आहे. ही यादी मी फळ्यावर साध्या मराठीत लिहिली : या गावाकडून कर घेऊ नये. राजाचे शिपाई-चाकर गावात शिरू नयेत. रिवाजाप्रमाणे द्यायच्या गाई-बैलांची मागणी करू नये. फुले आणि दूध गोळा करू नये. चारा, बसायची कातडी आणि कोळसा मागू नये. मीठ, मद्य आणि खाणीवरचा हक्क सांगू नये. सगळ्या प्रकारच्या वेठीतून गाव मोकळे.

मुले वाचत राहिली. मग मी विचारले, "या यादीवरून ज्या गावांना ही माफी नव्हती, त्या गावांचं काय होत असेल?"

वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून हळूच उत्तर आले, "म्हणजे सर, बाकीच्या गावांत शिपाई येऊन दूध नेत असन. बैल नेत असन. कोळसा नेत असन."

याला म्हणतात इतिहास वाचणे. सवलतींची यादी उलटी धरली की ती ओझ्यांची यादी होते. राजाच्या कोठारात पडणारे अन्न आणि लाकूड पडद्यावर आपोआप वाढणारा आकडा असतो. ताम्रपटात तो आकडा कोणाच्या गोठ्यातून आणि कोणाच्या दुधाच्या भांड्यातून आला ते दिसते. आणि एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगणे मला भाग होते : ही माफी नांगर धरणाऱ्यासाठी नव्हती. राजा घ्यायचा थांबला, तरी दान मिळालेला धनी घेणारच होता. रामशरण शर्मांसारख्या इतिहासकारांनी १९६५ साली आपल्या सरंजामशाहीवरच्या ग्रंथात अशाच दानपत्रांचा आधार घेऊन मोठा वाद उभा केला, तो याच मुद्द्यावर. देणारा बदलत नव्हता. घेणारा बदलत होता.

यादीतल्या शेवटच्या शब्दाला मूळ संस्कृतात 'विष्टि' म्हणतात. आपली वेठ. आमच्याकडे तिला बेगार म्हणत. हा शब्द मला कोशातून शिकावा लागला नाही. आमच्या भागात मालगुजारी होती आणि ती कायद्याने संपली ३१ मार्च १९५१ रोजी. माझ्या आजोबांची जवानी त्याआधीची. पेरणीच्या दिवसांत स्वतःची जमीन वापशावर आलेली सोडून त्यांना पाळीने मालगुजाराच्या शेतावर जावे लागे. ते म्हणत, "बैल आपले, वखर आपलं, घाम आपला, अन पीक त्याहिचं." मी लहानपणी हे ऐकले तेव्हा ती मला म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटे. इतिहासाच्या पुस्तकात 'विष्टि' भेटली तेव्हा कळले की ही कुरकुर निदान सोळाशे वर्षे चालू होती. राजे गेले, भाषा बदलली, देवगडचे गोंड आले, नागपूरचे भोसले आले, इंग्रज आले. वेठ तेवढी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

खेळातला गावकरी हा असा वेठीचा माणूस आहे. तो झोपत नाही, जेवत नाही, मजुरी मागत नाही, आजारी पडत नाही. शेत खणायला ७५ लाकडे लागतात, त्यातून २५० अन्न निघते आणि मग ते शेत संपते. नव्याने ७५ लाकडे मोजायची. आमच्या मुलांना याचे हसू आले. संत्र्याचे कलम लावले की पहिला बहार धरायलाच पाच-सहा वर्षे जातात. आंबिया फुटेल की मृग, गळ लागेल की कोळशी येईल, भाव मिळेल की व्यापारी पाठ फिरवेल, हे त्यांच्या घरचे रोजचे बोलणे. पण शेत असते ते असतेच. ते विटून निघून जात नाही. खेळ करणाऱ्यांना शेती कळली नाही असे मी म्हणणार नाही. सिंहासनावरून शेती जशी दिसते तशीच त्यांनी ती दाखवली. वरून पाहणाऱ्याला ती आकडाच दिसते.

आता त्या मुलाचा प्रश्न. गावकऱ्याला नाव का नसते?

चम्मकच्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या १८ व्या वर्षी १००० ब्राह्मणांना ८००० भूमी इतकी जमीन दिली. त्यांच्यावर अटीही घातल्या : राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, दुसऱ्या गावांशी लढाई करायची नाही, मोडल्यास जमीन परत घेतली जाईल. इतका काटेकोर कागद. पण हजारांतली नावे कोरली आहेत फक्त ४९. उरलेली ९५१ माणसे नावाशिवाय राहिली. ती निदान संख्येत तरी आहेत. ज्यांनी ती जमीन कसली त्यांचा तर आकडाही नाही.

हे मी त्या मुलाला सांगितले. म्हटले, "बेटा, खेळवाल्यांनी नाव ठेवलं नाही, राजानंही ठेवलं नाही. तांब्यावर कोरायला पैसा लागतो, आणि पैसा असलेला माणूस आपलंच नाव कोरतो. वहीला मात्र फार पैसा लागत नाही."

त्याच आठवड्यात वर्गाने एक जाड, दोनशे पानी वही आणली. ठरले असे की प्रत्येकाने आपल्या घरच्या, गावच्या अशा माणसांची नावे लिहून आणायची, जी कुठल्याही पुस्तकात येणार नाहीत; आणि नावापुढे त्या माणसाने काय काम केले ते लिहायचे. भाषा कोणतीही चालेल. बहुतेकांनी मराठी बोली देवनागरीत जशी कानावर पडते तशी उतरवली, काहींनी हिंदीत लिहिले, एका मुलीने आजीकडून गोंडी शब्द विचारून आणले. नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या वेळा तोंडपाठ असलेला गँगमन. नदीच्या पुरात बैलजोडी वाचवणारी बाई. बेगारीला नकार दिला म्हणून गाव सोडावे लागलेले एक पणजोबा. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे हात. माझ्या लहानपणी त्यांच्या हातोडीचा ठोका लोधीखेड्यात ऐकू येई. हाच ठोका, हेच तांबे. राजाच्या कारागिराने त्यावर अक्षरे कोरली, आमच्या कारागिराने घागरी घडवल्या. वहीत तोही आला.

पहिल्या पानावरचे पहिले नाव त्या मुलाच्या वडिलांचे आहे. नावापुढे त्याने एकच ओळ लिहिली : संत्रा तोडताना देठ किती ठेवायचा ते यांना बरोबर ठाऊक होते. मी शाळेत पुष्कळ निबंध तपासले. त्या ओळीवर लाल शाई लावायला माझा हात धजला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन सावनेरमार्गे रामटेककडे गेलो. नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. तिथला किल्ला पाहिला. जवळच मनसरला नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून उत्खनन झाले, तिथे विटांच्या भव्य मंदिराचे आणि वाड्याचे अवशेष निघाले. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार मानले होते. हॅन्स बाकर यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनी ते मनसर असावे असे मांडले. विद्वानांचा हा वाद मुलांना फार आवडला, कारण मोठी माणसेही नकाशावर चाचपडतात हे त्यांना प्रथमच कळले. एकाने विटांच्या चौथऱ्यावर उभे राहून 'वोलोलो' केले. मी रागावलो नाही. आजूबाजूचे कोणी त्याच्या रंगाचे झाले नाही एवढेच.

नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात पुन्हा खणले गेले, तेव्हा मातीची एक लहानशी मुद्रा सापडली. तळहातावर सहज मावेल एवढी. तिच्यावर नाव आहे प्रभावतीगुप्ता. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, दुसऱ्या प्रवरसेनाची आई. नवरा अकाली वारला, मुलगे लहान. तेव्हा तिने किमान तेरा वर्षे राज्याचा कारभार स्वतःच्या नावाने चालवला. ही बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी ती सूचनाफलकावर लावली. 'याच्यात आपलं काहून नाही' असे विचारणारी मुलगी तोवर शाळा सोडून, लग्न होऊन सावनेरला गेली होती. तिच्या धाकट्या भावाने फलकाचा फोटो काढून तिला धाडला. तिचे उत्तर त्याने मला दाखवले : "सरांना सांग, भेटलं."

खेळात जिंकण्याचा एक मार्ग असा आहे की १००० लाकूड, १००० दगड आणि १००० सोने खर्चून एक भव्य आश्चर्य उभारायचे आणि ते २००० वर्षे टिकवायचे. पडद्यावर ही दोन हजार वर्षे चहा होईपर्यंत सरतात. वाकाटकांनीही आश्चर्य उभारले. वाशिमच्या शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. ते आजही उभे आहे. पण खेळाचा नियम इथे लागू पडला नाही. हरिषेणानंतर थोड्याच वर्षांत साम्राज्य विस्कटले, आणि आश्चर्य मात्र दीड हजार वर्षे टिकून राहिले. राजा हरला, छिन्नी धरणारा जिंकला, आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

खेळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट शेवटी सांगतो. तो अंधारा नकाशा. राजाने सिंहासनावर बसून कितीही हुकूम सोडले तरी तो उजळत नाही. एखादा गावकरी पायी चालत जातो तेवढाच भाग उघडतो. झाड दिसते, नदी दिसते, पलीकडची वस्ती दिसते. आमचा सीमेवरचा मुलूख असाच अंधारात राहिला आहे. मराठी इतिहासाचे पुस्तक सावनेरला थांबते आणि हिंदी इतिहासाचे पुस्तक भोपाळ-जबलपूरकडून निघते ते आमच्यापर्यंत पोचत नाही. मधल्या पट्ट्यात चालत जायला कोणी नाही. ते काम आमच्याच मुलांना करावे लागणार आहे, आणि खेळामुळे त्यांना निदान एवढे कळले आहे की चालल्याशिवाय उजेड पडत नाही.

ती दोनशे पानी वही केव्हाच भरली. आज तिसरी चालू आहे. मी काही वर्षांत निवृत्त होईन. कपाटाची किल्ली पुढच्या माणसाकडे जाईल आणि त्याला या वह्या रद्दी वाटतील की दप्तर, हे मला आज सांगता येत नाही. म्हणून या अंकाच्या वाचकांना एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर मालगुजारीच्या काळची पावती, जुना खसरा, आजोबांची मोडीतली चिठ्ठी सापडली तर ती बंबात घालू नका. जवळच्या शाळेत नेऊन दाखवा. नांगराला एखादा कोरलेला दगड किंवा तांब्याचा पत्रा लागला तर तो भंगारवाल्याला देण्याआधी तहसीलदारांना कळवा. भंगारवाला तांब्याचे वजन करतो, अक्षरांचे नाही. आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना विचारा, बेगारीला कोण कोण जात होते. नावे लिहून घ्या. पूर्ण नावे.